वठलेली, कललेली झाडे ट्रॅक्टरच्या मदतीने उतरवणे : गिरणाकाठच्या शेतातील प्रकल्प नोंदी

18 मार्च 2025

भडगाव तालुक्यातील आमच्या गिरणाकाठच्या शेतात वठलेली आणि एका अंगाला कललेली चार झाडे उभी आहेत. शिवरस्त्यावर झुकलेला जुना कडुनिंब, विहिरीजवळ पंपघराच्या दिशेने कललेली निलगिरी, नाल्याच्या काठावर मुळासकट उन्मळून शेजारच्या हिरव्या बाभळीवर रेललेली वाळकी बाभूळ आणि राहत्या घरामागचा आंबा. कपाशीची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या गेल्या आहेत, वावर मोकळे आहे, आणि काळी जमीन वाळून ट्रॅक्टरचे वजन पेलण्याइतकी घट्ट झाली आहे. वळवाची वादळे सुरू झाली की याच जमिनीत चाक रुतते आणि कललेले झाड आपल्या सोयीने नव्हे, तर वाऱ्याच्या मर्जीने पडते, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकायचे ठरवले आहे.

कडुनिंबाच्या बाबतीत मुदत आणखी जवळची आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा 30 एप्रिलला आहे. रस्त्यापलीकडच्या हिरव्या निंबाला माहेरवाशिणी आणि गावातल्या मुली दरवर्षी झोके बांधतात, आणि वठलेल्या कडुनिंबाचा शेंडा नेमका त्याच जागेकडे कललेला आहे. झोके बांधले जाण्याआधी हे झाड जमिनीवर आलेच पाहिजे.

आंबा हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत येतो, त्यामुळे तो वाळलेला आणि स्वतःच्या मालकीचा असला तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. अर्ज, सातबारा आणि झाडाची छायाचित्रे आज दिली. अन्य तिन्ही झाडांच्या जाती त्या अनुसूचीत नाहीत, तरीही तोडीपूर्वी चौकशी करून घेतली.

22 मार्च

आजचा दिवस केवळ तपासणीचा होता. झाड किती जड आहे हा प्रश्न सगळेच आधी विचारतात, परंतु वठलेल्या झाडाबाबत पहिला प्रश्न वेगळा आहे : त्यातले कोणते लाकूड अजून भार धरून आहे? हिरव्या झाडात तोडताना मध्ये राखलेली लाकडाची पट्टी, जिला आमचे लाकूडतोडे बिजागरी म्हणतात, ती वाकते, तंतू ताणले जातात आणि झाड ठरवलेल्या बाजूला सावकाश उतरते. वाळलेल्या लाकडात हा लवचीकपणा उरत नाही. बिजागरी वाकण्याऐवजी मोडते, आणि ती मोडली की झाडाची दिशा दोर आणि कल एवढेच ठरवतात.

तपासणीसाठी ओळंबा, घण, पहार आणि सुताराचे गिरमिट एवढी साधने पुरली. ओळंबा दुरून डोळ्यासमोर धरून खोडाचा कल दोन काटकोनी दिशांनी पाहिला, कारण एका बाजूने सरळ भासणारे झाड दुसऱ्या बाजूने बरेच झुकलेले असू शकते. घणाने खोडावर हलकेच ठोकत खालून वर गेलो. गावातील जुने लाकूडतोडे आबा सोबत होते. त्यांनी कडुनिंबाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ दोनदा ठोकली आणि म्हणाले, "भाऊ, हाई झाड मझारथून पोकय शे." म्हणजे, हे झाड आतून पोकळ आहे.

गिरमिटाने ते पडताळले. कललेल्या बाजूला, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर, पहिले 8 सेंटीमीटर पिवळसर, कुरकुरीत ढलप्या निघत होत्या, हाताला जोर जाणवत होता. त्यानंतर पाते एकदम आत सरकले आणि बाहेर आला तो तपकिरी, ओलसर, मातकट वासाचा भुगा. खोडाचा व्यास 60 सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या 30. त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचे टणक कवच शिल्लक असावे, असा झाडांच्या तपासणीतला ढोबळ नियम आहे, आणि कडुनिंब त्या मर्यादेच्या खाली आहे. बुंध्याशी कडक बुरशीचे थर आणि वाळवीची माती दिसते, त्यामुळे मुळांवरही भरवसा ठेवता येत नाही. मूळ उकरून झाड ओढून पाडण्याची आपल्याकडची पद्धत इथे सर्वांत घातक ठरेल, कारण मुळे कोणत्या क्षणी सुटतील हे उकरणाऱ्याला कळत नाही आणि तो उभा असतो बुंध्यापाशीच.

निलगिरीचा बुंधा मात्र पूर्ण टणक निघाला.

कडुनिंबाच्या वरच्या ढोलीत पोपटांची ये-जा आहे. आतून पिल्लांचा आवाज येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांच्या विणीचा मुख्य काळ असल्याने पिल्ले उडून जाईपर्यंत कडुनिंबाला हात लावायचा नाही, तोवर उरलेली कामे करायची, असा क्रम ठरला.

28 मार्च

आज दोर, कप्पी आणि ट्रॅक्टरची जोडणी यांवरच काम केले. माझ्या मते या कामातील माणसे झाडाखाली जितकी सापडतात, तितकीच जोडणीच्या निष्काळजीपणामुळेही गमावली जातात, म्हणून ही नोंद सविस्तर करीत आहे.

दोर ट्रॅक्टरला बांधायचा तो केवळ ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या खाली असलेल्या पट्टीला. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार वरून जोडणाऱ्या दांड्याच्या जागी, आसाच्या नळकांड्याला किंवा लिफ्टच्या उचललेल्या हातांना दोर कदापि अडकवायचा नाही. कारण सरळ आहे. ओढ आसाच्या वरून लागली आणि समोरचे झाड हलले नाही, तर इंजिनाचा जोर चाके फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो, आणि ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उलटतो. हे सर्व साधारण दीड सेकंदात घडते, तर सावरण्याची वेळ त्याच्याही निम्म्यात, पाऊण सेकंदात निघून जाते. एवढ्या वेळात पाय क्लचवर जात नाही. म्हणून चालकाच्या डोक्यामागे रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, आणि कमरेला पट्टा असल्याशिवाय आमचा ट्रॅक्टर या कामाला जुंपायचा नाही, आणि पुढच्या बाजूची वजने काढायची नाहीत, असे चुलतभावाला, जो ट्रॅक्टर चालवणार आहे, स्पष्ट सांगितले. त्यानेही ते मनापासून मान्य केले.

ट्रॅक्टर 45 अश्वशक्तीचा असून त्याचे वजन सुमारे दोन टन आहे. त्यातील जवळपास दोन तृतीयांश भार मागच्या चाकांवर येतो, आणि घट्ट वाळलेल्या जमिनीवर त्या भाराच्या निम्म्याच्या आसपास ओढ मिळते. म्हणजे सहाशे ते सातशे किलो. नांगरलेल्या ढेकळांत ती आणखी कमी होते. हा आकडा लक्षात ठेवला की ट्रॅक्टरने अख्खे झाड उपटण्याचा मोह आपोआप मावळतो.

कडुनिंबाचे वजन फांद्यांसह दीड टन धरले आणि त्याचा भारमध्य बुंध्यापासून आडवा 1.2 मीटर सरकलेला मानला, तर तो कलाच्या विरुद्ध बाजूला केवळ तोलून धरण्यासाठी 1500 गुणिले 1.2, म्हणजे 1800 किलोग्रॅम-मीटर एवढा आघूर्ण (फिरवणारा जोर) लागतो. दोर 6 मीटर उंचीवर बांधल्यास आडवी ओढ 300 किलो लागेल, आणि 3 मीटरवर बांधल्यास 600, म्हणजे ट्रॅक्टरच्या साऱ्या ताकदीइतकी. यावरून दोर जितका उंच तितका चांगला असे वाटते, परंतु वठलेल्या झाडाचा शेंडा सर्वांत आधी कुजतो. तिथे ताण दिला तर शेंडाच मोडून दोरासह खाली येतो. म्हणून घणाच्या आवाजाने आणि दुर्बिणीने पाहून जिथपर्यंत लाकूड टणक दिसते, तिथेच दोर बसवायचा, आणि ती जागा पुरेशी उंच नसेल तर कलाविरुद्ध पाडण्याचा विचारच सोडून द्यायचा.

दोर 20 मिलिमीटर जाडीचा, पॉलिएस्टरचा घेतला. नायलॉनचा दोर बराच ताणला जातो, आणि तुटला तर त्या ताणात साठलेला जोर चाबकासारखा मागे येतो. साखळी घेतली नाही, कारण तिची एक कडी सुटली तरी ती गोळीसारखी उडते. दोराच्या मध्यावर मातीने अर्धवट भरलेले पोते टाकायचे, म्हणजे दोर तुटलाच तर तो जमिनीकडे पडेल. झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ट्रॅक्टर असावा, आणि त्याच त्रिज्येच्या आत करवत चालवणाऱ्याखेरीज कोणीही नसावे, हा नियम सर्वांसाठी आहे. बघ्यांसाठी तर विशेष.

4 एप्रिल

नाल्याकाठची बाभूळ आज मोकळी केली. दुसऱ्या झाडावर अडकलेले झाड दिसायला स्थिर असते, पण प्रत्यक्षात ते दोन जागी ताणलेले असते आणि त्यातला कोणता आधार आधी सुटेल याचा अंदाज बाहेरून येत नाही. तिच्याखाली शिरायचे नाही, आधार देणारी हिरवी बाभूळ तोडायची नाही, आणि वर चढून फांद्या छाटायच्या नाहीत, हे तीन निर्बंध पाळून उपाय एकच उरतो : बुंधा मागे ओढून घेणे.

मुळांचा गड्डा अर्धा खड्ड्यात होता आणि एका बाजूची मुळे अजून जमिनीला धरून होती. ती तोडताना बुंधा कुठे उसळेल हे पाहण्यासाठी आबांनी आधी लांब बांबूने दाबून पाहिले, मग बाजूला उभे राहून ताणात नसलेल्या मुळांपासून सुरुवात केली. दोर बुंध्याला अगदी खाली, सरकफासाने बांधला. ट्रॅक्टर झाडाच्या रेषेत, शेंड्याच्या विरुद्ध दिशेला, मोकळ्या वावरात उभा केला. पहिला लो गिअर, इंजिनाचा वेग बेताचा, आणि दोर हळूहळू ताठ होईपर्यंत क्लच सावकाश सोडणे. झटका द्यायचा नाही. झटक्याने दोरावरचा भार सहज दुप्पट होतो आणि वाळक्या फांद्या वरून सुटतात.

बुंधा सरकला, शेंडा हिरव्या बाभळीच्या फांद्यांतून घासत खाली आला, आणि शेवटच्या टप्प्यात मनगटाएवढी एक वाळकी फांदी मोडून नेमकी तिथे पडली, जिथे कालपर्यंत आमच्यातले काही जण उभे राहून चर्चा करीत होते. हिरव्या बाभळीत अडकून राहिलेले दोन तुकडे अजून वर आहेत. ते वाऱ्याने पडेपर्यंत त्या जागेला काटे लावून वाट बंद केली आहे.

10 एप्रिल

निलगिरी. उंची 18 मीटर, व्यास 40 सेंटीमीटर, कल पंपघराकडे, आणि पाडायची विरुद्ध बाजूला. बुंधा टणक असल्यामुळेच कलाविरुद्ध पाडण्याचा निर्णय घेता आला. महावितरणची पंपाला येणारी तार पंपघराच्या पलीकडे असली तरी झाड उलटे गेले तर ती पोहोचेत येते, म्हणून लाइनमनला भेटून वीजपुरवठा बंद करून घेतल्याची खात्री केली आणि मगच सुरुवात केली. केवळ पंपाचा स्विच बंद करणे पुरेसे नाही, खांबावरील तार त्यानंतरही जिवंत असते.

पाडायच्या दिशेने 30 मीटरवर पाटचारी असल्याने ट्रॅक्टर सरळ रेषेत दुप्पट अंतरावर नेता येत नव्हता. म्हणून 24 मीटरवरील एका जिवंत बाभळीच्या बुंध्याला, जमिनीलगत, रुंद पट्ट्याने कप्पी बांधली आणि दोर तिच्यातून काटकोनात वळवून ट्रॅक्टर बाजूला 20 मीटर अंतरावर उभा केला. असे केल्याने चालक पडणाऱ्या झाडाच्या रेषेबाहेर, बुंध्यापासून 30 मीटरहून दूर राहतो. मात्र काटकोनात वळवलेल्या दोराचा कप्पीवर येणारा भार दोरातील ताणाच्या 1.4 पट असतो, आणि दोर पूर्ण मागे वळवला तर दुप्पट. कप्पी, पट्टा आणि शॅकल (त्यांना जोडणारी कडी) यांची ताकद त्या हिशेबाने पाहावी लागते. वळणाच्या आतल्या कोनात कोणीही उभे राहायचे नाही, कारण कप्पी सुटली तर दोर सर्व जोराने तिथूनच जातो.

दोर वर चढवण्यासाठी शिडी लावली नाही. वाळूची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून बाजूने फेकली. एका पक्क्या फांदीच्या बेचक्यातून ती पलीकडे गेल्यावर तिच्यामागे जाड दोर ओढला, आणि सरकफास जमिनीवरूनच खोडाभोवती आवळला. जागा 7 मीटरवर मिळाली.

आधी दोरात हलका ताण घेतला. नंतर पाडायच्या बाजूने, व्यासाच्या पाचव्या भागाइतकी खोल आणि सुमारे 70 अंशांनी उघडलेली खाच घेतली. मागच्या बाजूने काप घेताना, कल मागे असल्यामुळे, तो मिटत जाऊन चेनसॉचे पाते आवळण्याची शक्यता होती, म्हणून पात्यामागे लगेच प्लास्टिकच्या पाचरी सरकवल्या. पाचरीवर घण जेमतेम टेकवला. वठलेल्या झाडावर जोराचे घाव घातले की वरच्या फांद्या झडतात. बिजागरी हिरव्या झाडात व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवतात, इथे ती थोडी जाड, 5 सेंटीमीटर ठेवली.

त्यानंतर करवत बंद झाली, आबा मागच्या बाजूला तिरकस, आधीच काटेकुटे साफ करून ठेवलेल्या वाटेने बाहेर पडले, आणि ठरल्याप्रमाणे मी लाल उपरणे वर केले. त्याआधी ट्रॅक्टर इंचभरही हलला नाही. झाडापाशी माणूस असताना ओढ वाढवायची नाही, हा नियम मी या नोंदींतील सर्वांत महत्त्वाचा मानतो. इशारा देणारा माणूसही एकच असावा. चारजण ओरडले की चालक सर्वांत मोठ्या आवाजाचे ऐकतो, योग्य माणसाचे नव्हे.

झाड सावकाश उभे झाले, क्षणभर थांबले आणि मग पाडायच्या रेषेत गेले. अर्ध्यावर बिजागरी कडकन मोडली, परंतु तोवर भारमध्य पुढे आलेला होता. बुंधा खुंटावरून हातभर मागे उसळला. आबा सरळ मागे न जाता तिरके गेले होते, त्याचे कारण हेच.

21 एप्रिल

पोपटांची ढोली सकाळ-संध्याकाळ पाहिली. ये-जा थांबली आहे, आवाज नाही. कडुनिंबाचे काम शुक्रवारी करण्याचे ठरले. रस्त्यापलीकडच्या आप्पांशी बोलणे झाले, कारण झाड त्यांच्या बांधापर्यंत पोहोचणार आहे. त्यांनी केळीच्या कडेच्या दोन ओळींतील ठिबकच्या नळ्या गुंडाळून घेण्याचे मान्य केले.

25 एप्रिल

कडुनिंब आमच्या वावराकडे ओढून रस्ता मोकळा ठेवावा, असा आग्रह अनेकांचा होता. मी तो स्वीकारला नाही. पोकळ बुंधा, कुजकी मुळे आणि कलाविरुद्ध ओढ या तीन गोष्टी एकत्र आल्या की बिजागरीवर विसंबून राहण्यासारखे काहीच उरत नाही. जेसीबीने ढकलण्याची सूचनाही आली, पण बकेट खोडाला लागताच होणाऱ्या हादऱ्याने वाळका शेंडा केबिनवरच येतो. म्हणून झाड त्याच्या कलाच्याच दिशेने, रस्त्यावर उतरवायचे, आणि ट्रॅक्टरने ओढायचे नाही, तर त्याने धरलेल्या दोराने झाड केळीच्या बाजूला फिरणार नाही एवढेच पाहायचे ठरवले. शिवरस्ता दोन्ही बाजूंनी बैलगाड्या आडव्या लावून आणि माणसे उभी करून बंद केला.

काप घेण्याआधी दोरात थोडा ताण देऊन पाहिला, तेव्हा शेंड्याचा दीड मीटरचा तुकडा तुटून थेट बुंध्यापाशी पडला. त्या वेळी वर्तुळात कोणीही नव्हते. असा ताण आधी देऊन पाहणे, आणि तेही सर्वजण बाहेर असताना, हे आता आमच्या पद्धतीचा कायमचा भाग झाले आहे.

कललेल्या झाडाची मागची बाजू ताणात असते. मागून सरळ कापत गेले तर खोड अर्धे कापले जाण्याआधीच उभे चिरते आणि चिरलेला भाग झटक्यात मागे-वर उसळून करवत धरणाऱ्याच्या छातीवर येतो. त्यामुळे चेनसॉचे टोक बाजूने आत घालून, बिजागरी पुढे आणि धरून ठेवणारी पट्टी मागे राखून, मधले लाकूड कापले, आणि ती मागची पट्टी सर्वांत शेवटी, बाजूला उभे राहून तोडली. पोकळ भागात पात्यातून भुशाऐवजी माती येऊ लागली तेव्हा आबांनी काप हातभर वर, टणक लाकडात घेतला. झाड रस्त्यावर आडवे झाले, शेंडा आप्पांच्या बांधाच्या आत थांबला. नळ्या शाबूत आहेत. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा केला.

8 मे

आंब्याची परवानगी मिळाली. झाडापासून घराची भिंत 7 मीटरवर, गोठा त्याहून जवळ, आणि झाडाची उंची 11 मीटर. उंचीच्या दुप्पट मोकळी जागा कोणत्याही दिशेला नाही, कप्पी बांधण्याजोगे जिवंत झाडही नाही. हे झाड ट्रॅक्टरने उतरवायचे नाही. बकेट असलेली गाडी भाड्याने बोलावून ते शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकडा दोराला बांधून खाली सोडत काढायचे. खर्च बराच जास्त येईल आणि तो करण्याची तयारी आहे. गाडी येईपर्यंत गोठ्यातील जनावरे दुसरीकडे बांधली आहेत.

दोर पूर्ण उलगडून हाताने तपासला. कप्पीजवळच्या भागात बाहेरचे तंतू घासून पिंजले गेले आहेत, तेवढा तुकडा कापून टाकला. उरलेला दोर धुऊन, सावलीत वाळवून ठेवला आहे.